चार दिवसांनी मोठा

या वर्षी स्लोची फळं लवकर धरली.
क्लन नदीच्या वरच्या अंगाला, जिथे माझं कुरण संपतं
आणि एमरिसचं सुरू होतं, त्या काटेरी कुंपणात,
करवंदाएवढी, निळसर, अंगावर धुरकट साय.
अंगठ्याने पुसली की खाली काळी.
एखादं तोंडात टाकलं तर जीभ टाळूला चिकटते
आणि बराच वेळ परत येत नाही.
आई म्हणायची, पहिलं दंव पडू दे.
मी दोन रात्री फ्रीजरमध्ये ठेवते.
दंवात उभं राहायला आता गुडघे राजी नसतात.

मग एकेक फळ टोचायचं.
आई त्याच झाडाच्या काट्याने टोचायची,
मी जाड सुई घेते.
रेडिओवर समुद्राचं हवामान लागलेलं,
बोटं जांभळी.
सव्वा किलो. भोकं मोजली नाहीत.
अर्धी बरणी फळं, त्यावर साखर,
त्यावर दुकानातली सगळ्यात स्वस्त जिन.
महागडी घालू नये, तिचा तोरा फळाला सोसत नाही.
झाकण. चिठ्ठी: चौदा ऑक्टोबर.
खाली: एमरिसला, नाताळसाठी.
बावीस वर्षं हेच लिहिते आहे,
अक्षर तेवढं मोठं होत गेलं.

रोज बरणी उलटी करायची, पुन्हा सरळ.
आधी साखर तळाशी बसते, हलत नाही,
हट्टी पाहुण्यासारखी.
आठवड्याने पाणी लाजल्यासारखं होतं.
पंधरवड्याने, बोट कापल्यासारखं.

तेव्हाच कधीतरी औषधाच्या दुकानात मिसेस बेडो म्हणाली,
भावाचं छान चाललंय हं तुझ्या,
थेंबाला शिवत नाही म्हणे.
मी खोकल्याच्या गोळ्यांचे पैसे दोनदा दिले.

घरी आले. राग आला, खरं सांगते.
बरणीचा. नाही, त्याचाच.
सगळ्या गावाला ठाऊक, आणि मी सुई घेऊन बसलेली.
मग मार्च आठवला.
कोकरं जन्मायचे दिवस, तो शेगडीपाशी पडलेला, बूट पायात,
बाहेर तीन कोकरं गार.
त्यांना पोत्यात भरताना खुर्चीखाली बाटली दिसली.
तिच्यावर माझं अक्षर.
मी ती चिठ्ठी नखाने खरवडून काढली होती.
हे कुणाला सांगितलं नव्हतं. आता सांगितलं.

मंगळवारी तो खांब ठोकायचं यंत्र मागायला आला.
बरणी खिडकीतच होती, लपवायचं सुचलं नाही.
माझी का ही?
होती, म्हटलं.
त्याने हात धुतले. बरणी उचलली,
ट्रॅक्टरचा सुटा भाग बघावा तशी उजेडात धरली,
उलटी केली, थांबला, सरळ केली.
कधी भरलीस?
चौदाला.
तो ओठांत मोजत राहिला.
मी दहाला, म्हणाला.

म्हणजे बरणीपेक्षा तो चार दिवसांनी मोठा.

मी म्हटलं, ओतून देते.
नको म्हणाला. इतकी फळं टोचलीस.
मग दर मंगळवारी यायला लागला.
आधी बरणी, मग चहा.
मेंढ्यांचे खूर, डिझेलचा भाव, आईच्या घड्याळाचं काय करायचं.
झाकणाला हात लावायचा नाही.
मी वास येतो का विचारलं नाही.
एकदा उलटी करताना त्याची बोटं पांढरी पडलेली पाहिली
आणि बिस्किटं शोधायला आत गेले.

नाताळच्या आधल्या दिवशी मी ती फडक्यातून गाळली.
तो तेवढा वेळ कुंपणापाशी जाऊन उभा राहिला,
पावसात, टोपी न घालता.
तीन बाटल्या निघाल्या. तिन्ही
गुरांच्या डॉक्टरला, मिस ऑन्स्लोला दिल्या.
तिने रात्री-अपरात्री येऊन पैसे घेतलेले नाहीत.
चिठ्ठ्या एमरिसने लिहिल्या. त्याचं अक्षर वाईट आहे.

तुला काय देऊ, विचारलं.
बरणी दे, म्हणाला.
तीनदा उकळत्या पाण्याने धुतली, उन्हात ठेवली,
ऊन असं काही नव्हतंच.
त्यात तो आता कुंपणाचे खिळे ठेवतो.

मंगळवारी अजून येतो.
उलटं करायला काही नसतं.
चहा होईस्तोवर मिठाची बाटली घेतो,
उलटी करतो, सरळ करतो.
टेबलभर मीठ. मी पुसून घेते.